शब्दचर्चा: बासच्या मासेमारीचं सामान मराठीत कसं लिहायचं?

डॅलसकर:
सासरे उन्हाळ्यात येताहेत. देवगडचे, आयुष्यभर खाडीत गरवलेलं. इथे टेक्सासात लेक फोर्कवर बास धरायला न्यायचं ठरलंय. सामान आधी घेऊन ठेवायचं आणि यादी त्यांच्याकडून मंजूर करून घ्यायची, म्हणून मराठीत लिहायला बसलो आणि अडलो. भाषांतरयंत्राला दुकानातलं वर्णन दिलं, तर त्याने 'फास्ट ॲक्शन'ची 'जलद कृती' केली आणि 'लीडर'चा 'नेता'. हुक, लाइन, रॉडवरचं पॉवर-ॲक्शन, ड्रॅग, जॉन बोट, यांना काय म्हणावं? मी सोलापूरचा. आमच्याकडे 'गळ टाकला' म्हटलं की काठी, दोरी, आकडा सगळं त्यात आलं. सुटे शब्द माझ्याकडे नाहीतच.

आचऱ्याचा:
आमच्याकडे आकड्याला गरी म्हणतात आणि त्यावरूनच गरवणं. यादीत 'गरी' लिहा, सासऱ्यांना एका क्षणात कळेल. पण नुसतं गरी लिहून भागणार नाही, नंबर हवा, आणि नंबरांची चाल उलटी आहे. ६ पेक्षा ४ मोठी, ४ पेक्षा २ मोठी, मग १. तिथून पुढे १/०, २/०, ३/० अशा पुन्हा वाढत जातात. म्हणजे '३' आणि '३/०' या दोन अगदी वेगळ्या वस्तू. रबरी गांडुळासाठी ३/० ची, मानेजवळ वाकडी केलेली गरी घ्या. तिचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवतात, त्यामुळे झाडाझुडपात अडकत नाही. याला टेक्सास रिग म्हणतात, तेव्हा तुम्ही योग्य गावी आहात. सासऱ्यांना हे रबर बघून हसू येईल. जिवंत सुंगटं (कोळंबी) लावणारा माणूस तो!

पुणेरी बोरू:
रबरी गांडुळासाठी 'कृत्रिम आमिष' हा चांगला शब्द आहे. आणि 'लीडर'ला 'अग्रसूत्र' म्हणता येईल.

आचऱ्याचा:
अग्रसूत्र मागितलंत तर दुकानदार सोनाराचा पत्ता देईल. 'पुढचा तुकडा' म्हणा, मुख्य दोरी आणि गरी यांच्यामध्ये जोडतात तो.

गोफविणा:
दोरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चुकीची खरेदी सगळ्यात जास्त इथेच होते.

कोकणात आणि देशावरही नायलॉनच्या एकपदरी दोरीला तंगूस म्हणतात. सासरे 'तंगूस आण' म्हणाले तर तुम्ही 'मोनोफिलामेंट' लिहिलेलं रीळ उचलायचं. (रीळ हा शब्द आपल्याकडे शिवणकामामुळे आहेच, तोच वापरा.) तंगूस ताणलं की लांबतं, त्यामुळे माशाच्या झटक्याला माफ करतं. पाणी पितं आणि थोडं कमजोर होतं, उन्हानेही खराब होतं. दर हंगामाला बदलावं, महाग नसतं.

दुसरी फ्लुरोकार्बन. दिसायला तंगुसासारखीच, म्हणून लोक तिलाही तंगूस म्हणतात आणि गोंधळ होतो. ती वेगळ्या प्लास्टिकची असते, पाण्यापेक्षा बरीच जड, बुडते. प्रकाश तिच्यातून जाताना नायलॉनपेक्षा कमी वाकतो, म्हणून पाण्यात कमी दिसते. तळाशी रबरी गांडूळ ओढायला उत्तम. पण पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला ही बांधली की ती आमिषाचं नाक खाली ओढते. तिथे तंगूसच बरं.

तिसरी ब्रेडेड. 'ब्रेड' लिहिलंत तर सासरे पाव आणतील. ही पीळ दिलेली सुतळी नव्हे, बारीक धाग्यांचा विणलेला गोफ आहे. म्हणून मी तिला गोफाची दोरी म्हणतो. ताणली तरी जवळपास लांबत नाही, त्यामुळे माशाने नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. पाण्यावर तरंगते. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूपच बारीक असते. लेक फोर्कमध्ये धरणाच्या पाण्यात जुनी झाडं अजून उभी आहेत. तिथे मासा खोडाला वळसा घालतो, म्हणून ३० ते ५० पाउंडांचा गोफ घ्या. एक काळजी मात्र घ्या. काठीवरच्या रिकाम्या रिळावर थेट गोफ गुंडाळला तर पूर्ण गुंडाळाच जागेवर घसरतो. आधी थोडे फेरे तंगुसाचे द्या, मग गोफ. पाणी नितळ असेल तर टोकाला फ्लुरोकार्बनचा चार-पाच फूट 'पुढचा तुकडा' जोडा.

डॅलसकर:
पाउंड म्हणजे तेवढ्या वजनाचा मासा ना? मग ५० पाउंडांचं काय करायचं? इथला राज्यविक्रमच १८.१८ पाउंड आहे, तोही याच तळ्यातला, १९९२ चा.

गोफविणा:
माशाचं वजन नाही, दोरीची तुटण्याची हद्द. बासचा जागतिक विक्रम २२ पाउंडांच्या थोडा वर आहे. जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी केलेला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. खरं तर कुरितांचा मासा किंचित जड होता, पण विक्रम मोडायला दोन औंसांची तरी आघाडी लागते, म्हणून दोघांचं नाव. तेव्हा ५० हा आकडा माशासाठी नाही, लाकडासाठी. उघड्या पाण्यात १० ते १२ पाउंडांच्या तंगुसावर मोठा मासाही येतो, ढील नीट दिली तर.

आणि 'ड्रॅग'ला हाच शब्द लिहा, ढील. पतंग उडवलेल्या कुणालाही समजेल. मासा ओढायला लागला की रिळाने किती ताणावर दोरी सोडायची, ते ठरवणारा हा खटका. हद्दीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात. १२ पाउंडांच्या दोरीला तीन-चार पाउंड. स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढून बघा, अंदाजपंचे नको.

आचऱ्याचा:
गाठीचंही सांगा की. तुटते ती दोरी नसते, गाठ असते.

गोफविणा:
हो. सुरगाठ आणि निरगाठ एवढीच विभागणी इथे पुरत नाही. पालोमार नावाची गाठ शिका, गोफालाही धरते. दोरी दुहेरी करून गरीच्या नेढ्यातून घ्या, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, पुढे राहिलेल्या फासातून अख्खी गरी बाहेर काढा, आणि ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापून तंगूस तिथेच कच्चं होतं. सासऱ्यांची स्वतःची गाठ असणारच. तीही ओलीच आवळतात का बघा, बहुतेक आवळत असतील.

रॉडवाला:
काठीकडे येतो. 'पॉवर' म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो, आणि 'ॲक्शन' म्हणजे ती कुठून वाकते. वेगाचा काहीही संबंध नाही. म्हणून मी पहिल्याला ताठपणा आणि दुसऱ्याला वाक म्हणतो. 'फास्ट' म्हणजे शेंड्याशी वाक, 'मॉडरेट' म्हणजे मधून, 'स्लो' म्हणजे पार बुंध्यापर्यंत. रबरी गांडुळाला ताठ आणि शेंड्याशी वाकणारी हवी, कारण गरीचं टोक रबरातून पार करून जबड्यात रुतवायचं असतं. तीन-तीन तोंडांच्या गऱ्या असलेल्या क्रँकबेटला (ओढलं की डुलत पोहणारा टणक खोटा मासा) मात्र मधून वाकणारी. ताठ काठीने झटका दिला की बारीक गऱ्या सुटून येतात.

यादीत लिहा: 'सात फुटी, ताठपणा मीडियम हेवी, वाक शेंड्याशी (फास्ट)'. दुकानातला इंग्रजी शब्द राहू द्या, नाहीतर खरेदी कशी करणार? आणि पहिल्या वेळेला स्पिनिंग रीळच घ्या, काठीखाली लटकणारं. काठीच्या वर बसणाऱ्या बेटकास्टिंग रिळावर अंगठा बसायला वेळ लागतो. तोवर प्रत्येक फेकीला गुंताच सोडवत बसाल.

पुणेरी बोरू:
'बास' हा उच्चार बरोबर आहे का? 'बास झालं' मधला बास वाटतो.

डॅलसकर:
इथे 'बॅस' म्हणतात, पण घरी बासच. गंमत म्हणजे लार्जमाउथ बास हा खरा बासच नाही, सनफिश कुळातला आहे. आणि सासरे ज्याला चोणक म्हणतात, रायगडकडचा जिताडा, त्याला इंग्रजीत आशियाई सी बास म्हणतात. तोही याचा जवळचा नातलग नाही.

आचऱ्याचा:
चोणकाची सवय असलेल्या माणसाला एक सांगून ठेवा. चोणकाच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं कापतं, म्हणून तो तिथे बोट घालणार नाही, बरोबरच आहे. बासला मात्र खालचा जबडा अंगठ्याने धरून उचलतात, दात नुसते खरखरीत असतात. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. जबड्याला आडवा लोंबकळवून फोटो काढू नका.

डॅलसकर:
आणि जॉन बोट?

आचऱ्याचा:
होडकं लिहा. तळ सपाट, आणि नाळ (पुढची बाजू) टोकदार नसून चौकोनी छाटलेली. बारा-चौदा फुटी ॲल्युमिनियमचं असतं. सासऱ्यांना उलांडीच्या (तोल राखायला बाजूला जोडलेल्या ओंडक्याच्या) होडीची सवय असेल तर सांगा की इथे बाजूला उलांडी नाही, दोघांनी एकाच कडेला वाकायचं नाही. सपाट तळ उथळ पाण्यात आणि खुंटांवरून छान जातो, पण वारा सुटला की लाटेवर आपटत राहतो. मोठ्या धरणात वारा वाढला तर किनारा धरा. नांगर नेहमी नाळेकडून टाका. मागून टाकलात तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेली बाजू आणखी दबते आणि लाट आत येते.

आत एक पाटी असते, किती माणसं, किती वजन, किती अश्वशक्ती. ती आधी वाचा. त्या वजनात बॅटरी, नांगर आणि खाण्याचे डबेही धरतात.

रॉडवाला:
चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरीही यादीत घाला. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार २६ फुटांखालच्या, तीन किंवा जास्त अश्वशक्तीच्या होड्यांवर वेगात जाताना चालवणाऱ्याने ती अंगाला लावावी लागते. तिला साधं 'बंद-दोरी' म्हणा, म्हणजे बाकीच्या दोऱ्यांत हरवणार नाही.

डॅलसकर:
शेवटचा शब्द, 'स्लॉट लिमिट'. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावा लागतो, २४ चा किंवा मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. सासऱ्यांना हे कसं सांगू? त्यांच्या हिशेबाने लहान सोडायचा, मोठा ठेवायचा.

आचऱ्याचा:
'मधला सोडायचा' एवढंच लिहा आणि खाली दोन्ही आकडे ठळक करा. शिवाय मोजायची पट्टी यादीत घाला. मासा सपाट पट्टीवर, तोंड मिटलेलं, शेपटीची टोकं चिमटीत एकत्र. अंगावरून टेप फिरवलात तर पोटाच्या फुगवट्याने माप खोटं निघतं. आणि पाहुण्यालाही परवाना लागतो, तो परराज्याचा घ्यायचा. तुमच्या नावावरचा चालत नाही.