जळजळ थांबली, मग तपासणी कशाला?

बारकाउंटर:
नाव सांगत नाही, समजून घ्या. वय 28, घर पेडणे तालुक्यात, नोकरी कळंगुटला एका हॉटेलच्या बारवर. लग्न ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की आमचं, नोव्हेंबरच्या शेवटी.

चवथीची (गणपतीची) सुट्टी संपवून कामावर परतलो त्या आठवड्यात एका मुलीबरोबर रात्र काढली. आमच्याच हॉटेलात होती, आता नोकरी सोडून गावी गेलीय. कंडोम नव्हता असं नाही. स्कूटरच्या डिकीत होता, खाली पार्किंगमध्ये. बाहेर पाऊस, कोण उतरतो.

चौथ्या दिवशी लघवीला अशी आग की भिंत धरून उभा राहिलो. पाचव्या दिवशी चड्डीला पिवळे डाग, दाबलं की पू. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून पार पर्वरीच्या मेडिकलवर गेलो आणि 'मित्राला झालंय' म्हणून सांगितलं. त्याने वर न बघता सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सहा गोळ्या कापून दिल्या. चार घेतल्या, थांबलं. दोन अजून पाकिटात आहेत.

आता रूमवरचा मित्र मागे लागलाय, तपासून घे म्हणून. पण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात माझी मामी कामाला आहे. सकाळी रक्त दिलं तर संध्याकाळी वाड्यावर सगळ्यांना कळेल. थांबलंय म्हणजे गेलंच ना? उगाच कशाला?

कोकमसरबत:
उष्णता रे ती. रात्र रात्र उभं राहायचं, वर दारूचा वास. सब्जा भिजवून घे, धण्याचं पाणी घे. मला दर मे महिन्यात होतं. इस्पितळात गेलास की दहा टेस्टी लावतील.

निवृत्त सिस्टर:
कोकमसरबत, उन्हाने लघवी पिवळी होते, थोडी जळजळतेही. पू येत नाही. तुमचं सरबत जेवणावर घ्या, या पोराला पाजू नका. आमच्या आजीच्या पिढीत पू येण्याला परमा म्हणत आणि चट्ट्याला गरमी. मला वाटतं, हा उष्णतेचा घोळ त्या 'गरमी'नेच घातलाय. लोक रोग झाला की काढे पीत बसायचे.

आता बाबा तू ऐक. मी सरकारी इस्पितळात 31 वर्षं काढली, त्यातली बरीच गुप्तरोगाच्या ओपीडीत. 'मित्राला झालंय' म्हणणारे इतके बघितलेत की आम्ही आपसात विचारायचो, आज किती मित्र आले?

चौथ्या दिवशी आग आणि पिवळा पू, म्हणजे गोनोरिया (तोच परमा) असण्याचीच शक्यता जास्त. तो दोन ते सात दिवसांत डोकं वर काढतो. त्याच्याच जोडीला बऱ्याचदा क्लॅमिडिया हा दुसरा जंतू असतो, तो एक ते तीन आठवडे घेतो आणि कित्येकदा काही दाखवतच नाही. म्हणून डॉक्टर दोन्हींवर एकदम औषध देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनला गोनोरियाचे जंतू केव्हाच सरावलेत. पूर्वी आम्हीही तेच द्यायचो, आता कोणी शहाणा डॉक्टर देत नाही. पू थांबला म्हणजे जंतू मेला असं समजू नकोस. तो गप्प बसूनही दुसऱ्याला लागतो. त्या दोन गोळ्या टाकून दे, पुढच्या वेळेसाठी ठेवू नकोस.

आणि लग्न ठरलंय म्हणतोस. बाईला यातलं काहीच जाणवत नाही असं पुष्कळदा होतं. थोडं अंगावरून जातं, त्याला ती नेहमीचं समजते. जंतू वर चढून गर्भनलिकांपर्यंत जातो, नळ्या चिकटतात. चार वर्षांनी सासू तिला नवस बोलायला देवळं फिरवते, आणि मूळ कारण असतं नवऱ्याच्या पाकिटातल्या दोन गोळ्या. लागलं तर लागू दे, पण हे मी रागाने लिहिते आहे. अशा दोन पोरी माझ्यासमोर रडल्यात.

मामीचं म्हणशील तर म्हापशाला जाऊच नकोस. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्किनच्या ओपीडीत जा, नाहीतर मडगावच्या जिल्हा इस्पितळात. या आजारांचं जे सरकारी केंद्र असतं त्याला सुरक्षा क्लिनिक म्हणतात, तपासणी आणि औषध फुकट. माझ्या वेळी औषधांची पाकिटं रंगांवर ओळखायचो, पू येणाऱ्याचं राखाडी. तिथे कौन्सेलर दार लावून बोलतो. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत, म्हणजे सल्ला आणि तपासणीच्या सरकारी केंद्रात होते. 2017 च्या कायद्याने तुझ्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. मामीलासुद्धा. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097 ही सरकारी एड्स हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत.

लोकांची भीती मला कळते. 1989 साली मी नवीन होते. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण, रक्तदान करणारा, एचआयव्ही निघाला म्हणून पोलिसांनी उचलला आणि म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस एकटा डांबून ठेवला. आरोग्य कायद्याचं कलम दाखवून. तो सुटला, कोर्टात भांडला, 1992 मध्ये गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक ओपीडीत येऊन पहिलं विचारायचे, 'सिस्टर, पोलिसांना कळवणार काय?' नाही कळवत बाबा.

तारखांचं लक्षात ठेव. आज रक्त दे, पण आजचा निगेटिव्ह पुरा नव्हे. गरमी, म्हणजे सिफिलिस, दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही निघतो. एकच चट्टा, कडक, न दुखणारा, आपोआप बरा होणारा. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. मग काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं, आणि रोग आतच राहतो. म्हणून व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) आणि एचआयव्ही आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी परत. 72 तासांच्या आत आला असतास तर एचआयव्ही टाळायची 28 दिवसांची औषधं मिळाली असती. ती वेळ गेली, पण तुझ्या मित्रांना सांगून ठेव.

कंडोम डिकीत ठेवत जाऊ नकोस. गोव्याच्या उन्हात डिकी म्हणजे चूल, रबर कुजतं. खोबरेल तेलही लावायचं नाही, फाटतो. आणि कंडोमने सगळं अडत नाही. फोड आणणारा हर्पीस, सिफिलिसचा चट्टा, चामखीळ आणणारा एचपीव्ही हे जिथे कातडीला कातडी लागते तिथून जातात. तरी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीची लस मिळते, तिथेच विचार.

आणि त्या मुलीला कळव. तिच्या अंगात असेल तर तिला औषध मिळालं पाहिजे.

बारकाउंटर:
सिस्टर, रागावलात तरी चालेल. बांबोळीला जाईन, पण तिला काय कळवू? आणि होणाऱ्या बायकोला सांगितलं तर लग्न मोडलंच समजा.

सत्तरीची:
मी सत्तरी तालुक्यातली, सहसा इथे लिहीत नाही. आज लिहिते.

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा एका दवाखान्यात सगळ्यांसारखंच रक्त घेतलं. निकाल द्यायला आलेल्या बाईने कॉरिडॉरमधून हाक मारली, 'व्हीडीआरएल पॉझिटिव्ह कोण?' बाकावर सासू होती. तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, मलाही नव्हता, पण बाजूच्या दोघी सरकून बसल्या ते आम्ही दोघींनी बघितलं.

नवऱ्याने आधी शपथा घेतल्या. मग दोन दिवसांनी आठवलं त्याला, लग्नाआधी मुंबईला असताना चट्टा उठला होता, आठ-पंधरा दिवसांत गेला. दुखला नाही म्हणून विसरला. त्याचं रक्तही पॉझिटिव्ह. मला पेनिसिलीनचं इंजेक्शन, अर्धं या कुल्ल्यावर, अर्धं त्या. दोन दिवस बसवत नव्हतं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी व्हीडीआरएलचा आकडा उतरतोय का बघायचा. 1:32 होता, 1:8 झाला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. बाळाचंही जन्मल्यावर तपासलं. आता तिसरीत आहे, बरी आहे, अभ्यास सोडून सगळं करते.

मला राग चट्ट्याचा नाही आला. दोन दिवस शपथा खाल्ल्या त्याचा आला. तो अजून गेलेला नाही.

कोकमसरबत:
सब्जाचं मागे घेतो. मी पण एकदा दाखवून येतो.

बारकाउंटर:
परवा गेलो. सुट्टीच्या दिवशी पहाटेची कदंबा बस धरली, तरी लायनीत शेजारच्या वाड्यावरची बाई भेटलीच. 'किते रे, तूं हांगा?' मी गालावर हात ठेवून 'दांत' म्हटलं.

डॉक्टरने दोन मिनिटांत बघितलं, कापसाच्या काडीने नमुना घेतला. (ती काडी आत जाते. कोणी सांगितलं नव्हतं.) औषध तिथेच समोर घ्यायला लावलं, सात दिवस काही करायचं नाही म्हणाले. कौन्सेलरच्या टेबलावर लाकडाचं लिंग होतं, पॉलिश केलेलं, पेनस्टँडच्या बाजूला. त्याने माझ्याकडून त्यावर कंडोम चढवून घेतला. बारवर चार वर्षं आहे, बाटली उघडताना हात थरथरला नाही कधी, तिथे थरथरला. टोकाची हवा न काढता चढवला होता. दुसऱ्यांदा जमलं.

एचआयव्ही, व्हीडीआरएल दोन्ही निगेटिव्ह. परत डिसेंबरमध्ये. म्हणजे लग्नानंतर.

सत्तरीचीताईंचं वाचलं आणि दोन रात्री झोप नाही. काल फोनवर सांगितलं होणाऱ्या बायकोला. तोपर्यंत मी सगळं पाठ केलं होतं, डिसेंबरपर्यंत कंडोम, दोघांची तपासणी, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे मिक्सर चालू होता त्यांच्याकडे. मग विचारलं, 'त्या मुलीला सांगितलंस?' मी नाही म्हटलं. 'मग आधी तिला सांग. माझं मी उद्या सांगते,' आणि फोन ठेवला.

रात्री मेसेज टाकला त्या मुलीला. चार वेळा लिहून खोडला, शेवटी सरळच लिहिलं, मला हे झालं, तू पण दाखव, सरकारी इस्पितळात फुकट होतं. साडेअकराला दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही. इकडचाही फोन आलेला नाही.