पाळी बदलली की नित्यनेम मोडतो, काय करावं? (आणि डोळे मिटल्यावर कानात येणारा आवाज)

पूर्वभागातला_जॉबर

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. पाळी बारा तासांची, सात ते सात, अन् दर आठवड्याला दिवसाची रात्र होते. पहाटे देवघरासमोर अर्धा तास जपाला बसायचं ठरवतो. दिवसपाळीचा आठवडा जमतं, रात्रपाळी लागली की मोडतं ते मोडतंच. बसलो तरी मन मागावर, नाहीतर हप्त्यावर. सुट्टीच्या दिवशी घरचे म्हणतात अक्कलकोट, तुळजापूर करून येऊ. पुण्य मिळत असेल, पण दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही. कामावर असताना मनात नाम घेतलं तर ते जपात धरायचं का?

अजून एक. शांत बसलं की कानात बारीक 'कीऽऽ' असा आवाज चालू असतो. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, हा अनाहत नाद, म्हणजे काही न वाजवता आतून येणारा नाद, साधना चढतेय, त्यावरच लक्ष ठेवा. खरं आहे का हे?

बाळीवेसचा_कट्टा

दादा, नेम घड्याळाला बांधलाय म्हणून मोडतोय. पाळीवाल्यानं नेम अंघोळीला बांधावा. अंघोळ दिवसपाळीत पहाटे होते, रात्रपाळीत सकाळी घरी आल्यावर होते, पण होतेच. वेळ बदलू दे, क्रम बदलू नका: अंघोळ, कोरडे कपडे, आसन, एक माळ, मग चहा. चहा माळेच्या आधी आला की त्याच्याबरोबर मोबाईल येतो, अन् माळ उद्यावर जाते.

अर्धा तास तूर्त विसरा. बारा तासांची पाळी अन् वर जाण्यायेण्याचा वेळ धरला तर अर्धा तास हा सुट्टीच्या दिवसाचा आकडा आहे. हिशेब साधा आहे: 'ॐ नमः शिवाय' सावकाश म्हटलं तर एका वेळेला तीन सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांना साडेपाच मिनिटं. तेवढं पुरे. माळ तीन मिनिटांच्या आत संपत असेल तर तो जप राहिला नाही, नुसती मणी मोजणी झाली. महिनाभर एक माळ सुटली नाही तरच दुसरी धरा. उत्साहात पहिल्याच आठवड्यात अकरा माळा धरणारे पुढच्या पाळीला थांबतात, हे सगळ्या मंदिरांच्या ओट्यावर दिसतं.

माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. याचा व्यवहारातला फायदा असा की डोळे न उघडता फेरी संपल्याचं बोटाला कळतं. माळ जवळ नसेल तर हाताची पेरं आहेतच: उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरं अंगठ्यानं मोजायची, बारा झाले की डाव्या हाताचं एक पेर पुढं. डावीकडं नऊ पेरं झाली की १०८.

मन भटकलं की पहिल्या मण्यावर परत जाऊ नका. जिथं लक्षात आलं त्याच मण्यापासून पुढं चला. परत परत सुरुवात करणाऱ्याला जपाचा कंटाळा येत नाही, स्वतःचा येतो. हप्ता, शाळेची फी, तुटलेला पार्ट असं काही डोक्यात घुमत असेल तर बसण्याआधी ते कागदावर दोन शब्दांत लिहून ठेवा. 'विसरेन' ही भीती गेली की निम्मी वर्दळ आपोआप कमी होते.

वारकरी घरातले असाल तर हरिपाठाचंही असंच. अभंग २७ आहेत, रोज नऊ घेतले तर तीन दिवसांत एक आवर्तन होतं. एका बैठकीत सगळे उरकण्यापेक्षा हे बरं.

श्रवणतंत्रज्ञ

फक्त कानाबद्दल लिहितो, कारण इथे चुकीचा सल्ला महागात पडेल.

नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर मन लावणं, ही हठयोगातली जुनी पद्धत आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण जॉबरच्या कानात येणारा बारीक, एकसुरी 'कीऽऽ' हा आधी मागाच्या आवाजाचा परिणाम समजायचा. धोट्याच्या (शटलच्या) मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ९० ही मर्यादा ८ तासांसाठी आहे, १२ तासांची पाळी असेल तर सुरक्षित पातळी त्याहून खाली येते. एवढ्या आवाजात अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. सुरुवात उंच स्वरांपासून होते, ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणून बोलणं 'ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार आधी येते, विशेषतः बायकामुलांचा आवाज.

ओळखायची खूण: पाळीवरून आल्यावर आवाज जास्त, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कमी, असं असेल तर तो मागाचाच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तिथे कानाला संरक्षण लागतंच.

सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. पाळी संपल्यावर लगेच जाऊ नका, किमान १४ तास शांततेत गेल्यावर जा. नाहीतर तात्पुरता बधिरपणाही कायमच्या नुकसानीत मोजला जातो. आवाज एकाच कानात असेल, चक्कर येत असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचे इअरप्लग घ्या आणि नीट घाला: स्वच्छ हातांनी गोळी वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, गोळी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोटानं २०-३० सेकंद धरून ठेवायची. बहुतेक जण ती नुसती कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि 'काही फरक पडत नाही' म्हणतात. मळली, कडक झाली की टाकून द्या. प्लग घातला तरी मागाचा ठोका बदलल्याचं कळतं, जॉबरना हीच शंका असते म्हणून सांगितलं.

जपाला बसताना पूर्ण शांत खोली शोधू नका. शांततेत हा आवाज मोठा वाटतो. पंखा चालू असू द्या, किंवा तंबोरा अगदी हळू लावा. नाम मोठ्यानं पुटपुटलं तरी लक्ष त्या आवाजावरून निघतं. त्यावरच मन एकाग्र केलं तर तो जास्त बोचतो, झोपही जाते.

मंगळवेढ्याची_सून

कामावरचं नाम धरायचं का? धरायचं. या जिल्ह्यात हा प्रश्न पडावा याचंच नवल. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत भक्ती करत होते, मंगळवेढ्याचे चोखोबा गावकुसाच्या बांधकामावर राबताना गेले, अन् सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, भाषेत ते कायक, काम हीच पूजा. तुमची माळ अंघोळीनंतरची वेगळी, ती मोजून. मागावरचं नाम न मोजता.

पण कुठं घ्यायचं ते ठरवून घ्या, नाहीतर दहा मिनिटांत विसरतं. एका मागावरून दुसऱ्याकडं चालताना, सुताची कांडी बदलताना, पाणी पिताना. तार जोडताना, भीम (ताण्याच्या सुताचा मोठा रूळ) चढवताना, मशीन खोलताना नाही. तेव्हा लक्ष हातावरच पाहिजे. जपमाळ खिशातही नको, घरी ठेवा. गळ्यात तुळशीची माळ असेल तर शर्टाच्या आत अन् वरचं बटण लावलेलं. गळ्यात उपरणं, टॉवेल टाकून चालत्या मागावर वाकणं म्हणजे संकटाला आवतण.

दर्शनाचं: महिन्याला एक ठिकाण, बास. सोलापुरातून अक्कलकोट साधारण ४०, तुळजापूर ४५ अन् पंढरपूर ७५ किलोमीटर. तिन्ही जाऊन-येऊन केली तर सव्वातीनशेच्या घरात जातं, मग घरी आल्यावर पोरांवर ओरडायलाच जोर उरतो. अक्कलकोटला गुरुवार अन् पौर्णिमा टाळा, तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, पंढरपूरला एकादशी. रांग मोठी असली तर मुखदर्शन घ्या, पायावर डोकं ठेवण्यासाठी लेकरांना पाच-सहा तास उभं करू नका.

जाता जाता उपवासाचं. साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट अन् बटाटा तीन वेळा खाऊन रात्रपाळी केली तर जळजळ होणारच. एकादशी करायची तर ताक, फळं, थोडी भगर.

पूर्वभागातला_जॉबर

सगळ्यांचे आभार. ऑडिओमेट्रीचं मनावर घेतलं. दोन शंका राहिल्या. रात्रपाळीहून आल्यावर माळ घेऊन बसलो की पाचव्या मिनिटाला डुलकी लागते. अन् आई म्हणते, अंघोळीशिवाय, सोवळ्याशिवाय नाव घ्यायचं नाही, घरात सुतक असलं तर मुळीच नाही.

जुळेसोलापूरकर

डुलकी लागते कारण शरीराला झोप पाहिजे, त्यात साधनेची कमतरता काही नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी माळ उभ्यानं किंवा खोलीत येरझाऱ्या घालत करा, डोळे उघडे ठेवून. तरी डोळे मिटत असतील तर झोपा अन् दुपारी उठल्यावर, तोंड धुऊन बसा. त्या आठवड्यापुरता नेम उठण्याला बांधला तरी चालतो, फक्त तो पाळीच्या पहिल्या दिवशीच ठरवा, रोज सकाळी नव्यानं नको.

मन लागण्यासाठी झोप आधी सुधारा. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, त्यानंतर घेतला तर आठला झोप येत नाही. येताना टोपी अन् गॉगल घाला, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदू दिवस सुरू करतो. खिडकीला जाड काळा पडदा लावा. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळं मे महिन्यापर्यंत पाण्याचा कूलर चांगला चालतो, फक्त समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत तो नुसता दमट करतो.

सोवळ्याचं: गुरूनं दिलेला मंत्र असेल तर त्यांचे नियम त्यांनाच विचारा. नामस्मरणाला सोवळं-ओवळं लागत नाही, वारकरी चालता चालता, चिखलातसुद्धा घेतात. लिंगायत परंपरेत तर पंचसूतकं (जन्म-मृत्यूच्या सुतकासारखे पाच विटाळ) मुळातच मानत नाहीत, इष्टलिंग कायम अंगावर असतं अन् पूजा डाव्या तळहातावर ठेवून, त्यावर नजर स्थिर करून होते. आईशी वाद घालू नका मात्र. देवघरातली पूजा त्यांच्या रीतीनं होऊ द्या, तुमची माळ दुसऱ्या खोलीत.

सुट्टीला लांब जायचं नसेल तर गावातच करण्यासारखं आहे. सिद्धरामेश्वरांनी पंचक्रोशीत स्थापलेली ६८ लिंगं आहेत, गड्ड्याच्या यात्रेत (सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेत) यण्णीमज्जनाला, म्हणजे लिंगांच्या तेलस्नानाला, नंदीध्वजाच्या उंच काठ्या तिथं फिरतात. एका सुट्टीला चार धरली तर सतरा सुट्ट्यांत सगळी होतात. पोरांना घेऊन सकाळी नऊच्या आत, उन्हं तापायच्या आधी उरका. काही लिंगं अगदी बोळात अन् अंगणात आहेत, तिथल्या घरच्यांना विचारून आत जा.

श्रवणतंत्रज्ञ

झोपेच्या मुद्द्याला जोडून एक. दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर माळा वाढवून बघत बसू नका. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जप त्याच्या जोडीला चालू ठेवला तरी हरकत नाही.

आणि ऑडिओमेट्रीला जाताना रात्रपाळी संपवून सरळ जाऊ नका. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामावर जाण्याआधी सकाळची ओपीडी गाठा. मालकाकडे त्या दिवशी दोन तास उशिरा येण्याचं आधीच बोलून ठेवा.