मदत हवी आहे : सेटलमेंटमधल्या आजोबांचा पुरावा कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. आम्ही कैकाडी जमातीचे, सोलापूरचे. आजोबा सेटलमेंटच्या (इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबायची वसाहत) तारेआड वाढले, रोज हजेरी द्यायची. 1871 पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. आता मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतायत. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, घर नाही, सातबारा नाही. (विदर्भातले कैकाडी अनुसूचित जातीत, आम्ही विमुक्त जातीत, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्यांच्या यादीत; तेही कोडंच!) ज्या सरकारने रोज नाव लिहून घेतलं, तेच आता कागद मागतंय. जुनी हजेरीबुकं पुराभिलेखागारात मिळतात का? गिरणीचा हजेरीपट, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल चालते का? कुणी केलंय का हे? प्रवेशाची मुदत जवळ आलीय.