मदत हवी आहे : स्ट्रिंग क्वार्टेटसाठी राग मारवा लिहिताना मींडेचे लेखन आणि षड्जाची पट्टी

नमस्कार,

मी पुण्यात राहते. दहा वर्षे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकल्यानंतर गेली चार वर्षे मी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन), हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी) यांचा अभ्यास करत आहे. नवोदित संगीतरचनाकारांसाठी परदेशात होणाऱ्या एका कार्यशाळेसाठी माझी निवड झाली आहे. तेथे एक व्यावसायिक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो वाजवणारे चार वादक, आम्हा सहा जणांच्या नव्या रचनांची तालीम करून त्या श्रोत्यांसमोर सादर करणार आहेत. रचना जास्तीत जास्त ८ मिनिटांची असावी अशी अट असून प्रत्येक रचनेच्या वाट्याला तालमीचे एकूण ९० मिनिटे येणार आहेत. स्कोअर (चौघांचे एकत्रित लेखन) आणि चारही वादकांचे स्वतंत्र पार्ट्स ६ आठवड्यांत पाठवायचे आहेत.

मी मारवा निवडला आहे. पंचम वर्ज्य (न वापरायचा), कोमल ऋषभ आणि धैवत हे वादी-संवादी (रागातले दोन प्रमुख स्वर), आणि षड्ज (आधारस्वर) असूनही सतत लांबणीवर टाकलेला, असे त्याचे रूप असल्यामुळे ठरावीक पाश्चात्त्य कॉर्ड्‌स त्याखाली मांडताच येत नाहीत; म्हणून मला प्रत्येक आवाजाचा वेगळा विचार करावा लागेल असे वाटले आणि तेच मला हवे होते. तरीही पहिला खर्डा चुकलाच. पहिल्या व्हायोलिनकडे आलाप, चेलोकडे तानपुऱ्यासारखा धरलेला षड्ज आणि मधल्या दोघांकडे भरणा, असे ते लेखन होते. ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांच्या १७८१ सालच्या ओपस ३३ (रचनासंग्रह क्रमांक ३३) मधील क्वार्टेट्सचा स्कोअर समोर ठेवला तेव्हा लक्षात आले की तेथे एखादा छोटा स्वरसमूह चौघांमध्ये फिरतो आणि साथ करणारा वादक पुढच्याच क्षणी मुख्य बोलणारा होतो, तर माझ्या रचनेत व्हायोलावादकाला चाळीस मापे (तालाचे छोटे विभाग) सांगण्यासारखे काहीच नव्हते. मी तो खर्डा बाजूला ठेवला. आता एका वाद्याने सोडलेला निषाद दुसरे वाद्य उचलते आणि तेथून कोमल ऋषभाकडे जाते, अशा रीतीने आलाप चौघांमध्ये वाटलेला आहे.

गेल्या महिन्यात मुंबईतील चार परिचित वादकांनी मोठ्या आपुलकीने हा दुसरा खर्डा एकदा वाजवून पाहिला. चौघांचेही शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे आहे. त्या वाचनातून ज्या अडचणी पुढे आल्या, त्यांच्याबद्दल मला आपली मदत हवी आहे.

सर्वांत मोठी अडचण मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याची आहे. तीव्र मध्यमावरून धैवतावर जाणारी एक संथ मींड पहिले व्हायोलिन आणि व्हायोला यांनी एका सप्तकाच्या अंतराने एकत्र घ्यायची आहे. मी दोन स्वरांमध्ये एक तिरपी रेघ काढली होती. व्हायोलिनवादकाने पहिला स्वर जवळजवळ पूर्ण काळ धरला आणि अगदी शेवटी झटकन वर गेला. व्हायोलावादकाने स्वर लागल्याबरोबर सरकायला सुरुवात केली. दोघांपैकी कोणीही चुकले नव्हते, कारण केव्हा निघायचे आणि मधल्या कोणत्या जागी किती रेंगाळायचे हे त्या रेघेत लिहिलेलेच नव्हते. आपल्याकडे मींड ऐकून शिकली जाते आणि तिच्यातली वाटच खरे तर राग सांगते. ती वाट ९० मिनिटांच्या तालमीत, मारवा पूर्वी कधीही न ऐकलेल्या वादकापर्यंत कागदावरून कशी पोहोचवावी? शिवाय प्रत्येक लांब स्वरावर आपसूक व्हिब्रातो (स्वराचा जलद कंप) आला, त्यामुळे मी मुद्दाम लिहिलेले ऋषभावरचे आंदोलन (संथ झोका) त्यात हरवून गेले.

दुसरी अडचण नादाची आहे. मी षड्ज पांढरी दोनवर (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी) ठेवला आहे. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या तिन्ही प्रकारच्या वाद्यांना त्या स्वराची मोकळी तार असल्यामुळे ही पट्टी सोयीची ठरेल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात चौघांचेही मत पडले की आवाज कोंडल्यासारखा येतो आणि वाद्ये खुलून बोलत नाहीत. कोमल ऋषभाची जागाही चौघांची एकसारखी लागत नव्हती.

आजवर मी जे पाहिले तेही सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाया जाणार नाही. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेटने २०१५ मध्ये ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ हा उपक्रम सुरू केला आणि तरुण क्वार्टेट्ससाठी ५० नव्या रचना लिहवून घेऊन त्यांचे स्कोअर व पार्ट्स विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्यात झाकीर हुसेन यांची ‘पल्लवी’ आहे, तसेच गार्थ नॉक्स यांची ‘सॅटेलाइट्स’ आहे, जिच्यातून गजाच्या अपरिचित वापराबद्दल मला पुष्कळ शिकता आले. माझ्यासारख्या, ज्यांच्या शहरात क्वार्टेट्सचे नवे संगीत फारसे ऐकायला मिळत नाही अशा रचनाकारांसाठी हा मोठाच ठेवा आहे. परंतु संथ आलापातील मींडेचा माझा प्रश्न त्यातून सुटला नाही.

तंतुवाद्ये वाजवणाऱ्या, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या किंवा रागसंगीताचे नोटेशन केलेल्या कोणीही मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद

नमस्कार. मी गेली बावीस वर्षे व्हायोला वाजवतो. तुमच्या व्हायोलावादकाची चाळीस मापे तुम्ही रद्द केलीत, हे वाचून मनापासून आनंद झाला.

मींडेपासून सुरुवात करतो. आमच्या शिक्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हात नेणे म्हणजे ‘शिफ्ट’. तो शक्य तितका उशिरा आणि ऐकू न येईल असा करावा, हेच लहानपणापासून शिकवलेले असते. त्यामुळे रेघ दिसली की हात सवयीने थांबतो आणि शेवटी धावतो. यावर उपाय असा की रेघेच्या वर मात्रांच्या नुसत्या काड्या, म्हणजे स्वराचे डोके नसलेल्या, काढाव्यात. मींड चार मात्रांची असेल आणि दुसऱ्या मात्रेवर हात हलायला हवा असेल, तर ते डोळ्यांना लगेच दिसते. मध्ये रेंगाळायची जागा असेल तेथे कंसात छोटा स्वर लिहावा. कोणत्या तारेवर आणि कोणत्या बोटाने हेही लिहाच, कारण बोट बदलले की मींड तुटते, आणि तार बदलली तर ती उरतच नाही. संपूर्ण मींड एकाच गजात असल्याची खूण हवी. व्हिब्रातोबद्दल प्रत्येक ठिकाणी सूचना देण्याऐवजी पहिल्याच मापावर ‘संपूर्ण रचना व्हिब्रातोशिवाय’ असे लिहून टाका आणि आंदोलन मात्र स्वराच्या वर नागमोडी रेघेने, तिचा वेग दाखवून, लिहा.

एक फरक तुम्हाला ठाऊक असेलच, पण लिहिताना तो विसरला जातो. तुम्ही मांडी घालून, वाद्याचे टोक पावलावर टेकवून वाजवता, त्यामुळे डावा हात पूर्ण मोकळा असतो. आम्ही वाद्य हनुवटी आणि खांद्याच्या आधारावर धरतो. वर जाणारी लांब मींड आम्हाला सोपी जाते; वरच्या जागेवरून खाली उतरणारी संथ मींड वाद्याला हनुवटीखालून ओढते आणि तिला सराव लागतो. अशा उतरत्या जागा शक्य असेल तेथे चेलोला द्या. त्याचे वाद्य जमिनीवर टेकलेले असते आणि तार लांब असल्यामुळे मधल्या श्रुती (सूक्ष्म स्वरस्थाने) अधिक स्पष्ट दाखवता येतात.

आता पट्टी. येथे मला वाटते की तुमच्या कोंडलेल्या नादाचे कारण सरळ आहे. पांढरी दोन हा षड्ज धरला, तर आमच्या उरलेल्या सगळ्या मोकळ्या तारा मारव्याबाहेर पडतात. पांढरी पाच हा शुद्ध मध्यम, पांढरी सहा हा पंचम, व्हायोलिनची पांढरी तीन हा शुद्ध ऋषभ आणि व्हायोला व चेलोची पांढरी एक हा कोमल निषाद होतो. एकही चालत नाही. वाजत नसलेल्या तारासुद्धा आपापल्या स्वरांना प्रतिसाद देऊन वाद्याचा नाद भरत असतात. तुमच्या रचनेत त्यांना प्रतिसाद द्यायला जवळजवळ काही मिळतच नाही.

षड्ज एक स्वर खाली, पांढरी एकवर (सी) आणून पाहा. मग चारही वाद्यांची पांढरी सहाची तार धैवत होते, दोन्ही व्हायोलिनची पांढरी तीनची तार गंधार होते, आणि व्हायोला व चेलो यांची सर्वांत खालची तार षड्ज होते. संवादी स्वर चारही वाद्यांवर मोकळा मिळतो, याहून अधिक काय हवे? ऋषभाचा प्रश्नही येथेच सुटू शकेल. धैवताच्या मोकळ्या तारेवर लांबीच्या पाचव्या हिश्श्यावर बोट नुसते टेकवले की जो हार्मोनिक (बासरीसारखा बारीक अंशस्वर) निघतो, तो वरच्या सप्तकातला कोमल ऋषभच असतो, आणि तो पियानोच्या स्वरापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला असतो. धैवताच्या पोटातून निघालेला हा ऋषभ चेलोने रचनेच्या आरंभीच एकदा ऐकवला, तर बाकीचे तिघे आपला ऋषभ त्याच्याशी जुळवतील आणि वेगळ्या सूचनेची गरज पडणार नाही.

एक सावधगिरी बाळगा. चेलोचा खालचा षड्ज जोरात वाजला की शेजारची पांढरी पाचची तार आपोआप गुणगुणू लागते आणि वर्ज्य असलेला पंचम ऐकू येतो. तो षड्ज शेवटपर्यंत राखून ठेवा. मारव्याला ते मानवेल.

माझे पहिले गुरू मूळचे गोव्याचे होते आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवत असत. सतार आणि सारंगीच्या शेजारी बसून स्टाफ नोटेशनवरून वाजवणाऱ्या त्या पिढीला मींड लिहून देण्याची गरज फार क्वचित पडे, कारण ती त्यांच्या कानांत रोज पडत होती. गोव्यातील माजोर्ड्याच्या संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत दोन्ही परंपरांच्या वादकांना एकत्र बसवून इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तो याच वातावरणातून. तुमच्या परदेशी क्वार्टेटला तो शेजार मिळणार नाही. म्हणून स्कोअरबरोबर तुमच्या स्वतःच्या व्हायोलिनवर वाजवलेल्या मारव्याच्या आलापाचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण अवश्य पाठवा. पार्ट्समध्ये पान उलटण्याची जागा विश्रांतीवर येईल याचीही काळजी घ्या. आलापाच्या मध्ये पान उलटावे लागले, तर तालमीतली पहिली दहा मिनिटे त्यातच जातात.

धागाकर्तीचे उत्तर

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. कालच सगळा स्कोअर पांढरी एकवर उतरवला आणि घरी माझ्या व्हायोलिनवर, तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावून, महत्त्वाच्या जागा वाजवून पाहिल्या. मोकळ्या धैवताशेजारी गंधार लागला तेव्हा खोलीचा आवाजच बदलला. पट्टी खाली आल्याने दुसऱ्या व्हायोलिनचा मंद्र (खालच्या सप्तकातला) तीव्र मध्यम वाद्याच्या आवाक्याबाहेर गेला, कारण त्याची सर्वांत खालची तार आता पंचम आहे. तो स्वरसमूह मी व्हायोलाला दिला आणि तेथे तो अधिक गंभीर वाटतो. काड्यांनी लिहिलेल्या मींडेचा एक नमुना मुंबईच्या त्याच वादकांना पाठवला आहे आणि पुढच्या रविवारी ते तो वाजवून पाहणार आहेत.

एक शंका उरली आहे. कोमल ऋषभ हा ऋषभ असल्यामुळे मी तो सर्वत्र डी-फ्लॅट असा लिहिला आहे. पण जेथे तो धैवताबरोबर एकाच वेळी वाजतो, तेथे सी-शार्प (त्याच स्वराचे दुसरे नाव) असे लिहिले तरच वाचणाऱ्याला त्यातला गंधारभाव (धैवताला षड्ज मानल्यास तो त्याचा गंधार ठरतो) दिसतो आणि तो स्वर तसा जुळवला जातो. संपूर्ण रचनेत एकच लेखन ठेवावे, की अशा जागी ते बदलावे? वादकाच्या डोळ्यांना कोणते अधिक विश्वासार्ह वाटेल?