मदत हवी आहे: एकच लॅन अडॅप्टर फिरवतोय, दुसऱ्या टॅबलेटला टास्क सिक्वेन्स (इन्स्टॉलेशनच्या पायऱ्यांचा संच) मिळत नाही

४० विंडोज टॅबलेट इमेज करायचेत (विंडोजची तयार प्रत टाकायची), एकालाही लॅन पोर्ट नाही आणि यूएसबी-लॅन अडॅप्टर मोजून ३, म्हणून तेच आलटून पालटून लावतोय. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून पीएक्सई बूट (नेटवर्कवरून सुरू करणं), डिप्लॉयमेंट अननोन कॉम्प्युटर्स कलेक्शनवर (सर्व्हरला अजून माहीत नसलेल्या मशीनचा गट) आहे.

पहिला टॅब एकदम झकास झाला. तोच अडॅप्टर काढून दुसऱ्याला लावला तर आयपी मिळतो पण पुढे बूटच होत नाही, पीएक्सईच्या लॉगमध्ये बघितलं तर डिव्हाइस डेटाबेसमध्ये आधीच आहे म्हणतंय, म्हणजे अडॅप्टरचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) पहिल्या टॅबच्या नावावर चिकटलाय. ड्रायव्हरचा प्रॉब्लेम नाही, हे आधीच सांगतो.

कन्सोलमधून पहिल्याचा रेकॉर्ड उडवला की दुसरा चालतो, पण असं ४० वेळा कोण करणार, शिवाय तो टॅब सुरू असेल तर रेकॉर्ड परत येऊन बसतो. मग हायरार्की सेटिंग्जमधल्या डुप्लिकेट हार्डवेअर आयडेंटिफायरच्या यादीत (यातले मॅक सर्व्हर ओळखीसाठी धरत नाही) तिन्ही मॅक टाकले, डब्ल्यूडीएस (पीएक्सई चालवणारी विंडोज सर्व्हिस) रिस्टार्ट केलं. एक अडॅप्टर सुधारला, बाकी दोन जैसे थे (टाकताना मॅक चुकलाय का ते दोनदा तपासलं).

नवीन अडॅप्टर घेता येणार नाहीत, सिक्युअर बूट बंद करायची परवानगी नाही, आणि टॅबला यूएसबी पोर्ट एकच, त्यामुळे पेनड्राइव्ह लावला तर अडॅप्टरला जागा नाही.

यादीत मॅक टाकायच्या आधी जे रेकॉर्ड बनलेत ते हाताने काढावेच लागतात का, की यादीत टाकल्यावर सर्व्हर जुन्या रेकॉर्डमधला मॅकही सोडून देतो आणि माझं दुसरंच काही चुकतंय?