कृष्णा हठीसिंग: नेहरूंच्या सर्वांत धाकट्या भगिनी

प्रश्न

जवाहरलाल नेहरूंच्या भगिनी म्हटले की विजयालक्ष्मी पंडित यांचेच नाव पुढे येते. 1953 मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, त्यामुळे ते साहजिकच आहे. मात्र मोतीलालजींचे शेंडेफळ असलेल्या कृष्णा हठीसिंग यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. त्यांचा संसार मुंबईत झाला, एवढेच मला ठाऊक आहे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांचा स्वतःचा वाटा काय होता आणि भाऊ पंतप्रधान असताना त्यांचे आयुष्य कसे गेले, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

त्यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1907 रोजी अलाहाबादला झाला. म्हणजे भाऊ त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठा. तरीही त्यांना केवळ ‘नेहरूंची बहीण’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. 1932 च्या सविनय कायदेभंगात दोघी बहिणींना एकेका वर्षाची शिक्षा झाली आणि लखनौच्या तुरुंगात ती भोगताना कृष्णाबाई अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1933 मध्ये, अहमदाबादच्या जैन घराण्यातील बॅरिस्टर गुणोत्तम ऊर्फ राजा हठीसिंग यांच्याशी आनंद भवनात त्यांचा नोंदणी विवाह झाला. काश्मिरी पंडितांच्या घरातील मुलीने जातीबाहेर लग्न करणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

दुसरा प्रतिसाद

मुंबईच्या घराविषयी मी लिहितो, कारण माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे मर्म तिथेच आहे. हे घर कारमायकल रोडवर होते. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाल्यावर नेहरू गवालिया टँकवरून उशिरा परतले ते याच घरी, आणि पहाटे त्यांना अटक करायला पोलीसही इथेच आले. खास गाडीने नेत्यांना नेताना गांधीजींना चिंचवडला उतरवून घेण्यात आले आणि नेहरूंची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. राजाभाऊंनाही त्याच आंदोलनात तुरुंगवास घडला. घरात दोन लहान मुले, नवरा आणि भाऊ दोघेही गजाआड, आणि भावाला नेमके कुठे ठेवले आहे हे सरकारने सुरुवातीला गुप्त ठेवलेले, अशा स्थितीत त्यांनी ‘विथ नो रिग्रेट्स’ हे आत्मकथन लिहिले. 20 ऑगस्ट 1944 रोजी राजीव गांधी मुंबईत जन्मले, तेव्हाही इंदिराजींचे माहेरपण या आत्यानेच केले. आजोबा त्या वेळी किल्ल्यातच होते. तुरुंगात जाणाऱ्यांची नोंद इतिहासात होते, पण मागे राहून मुले सांभाळणाऱ्या, पत्रांची वाट पाहणाऱ्या आणि तुरुंगात जाऊन आल्यामुळे आत काय चालते हे पुरेपूर जाणणाऱ्या स्त्रीचे ते दिवस कसे गेले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आत्याच्या घरातील माहेरपणाचा तपशील मला नवा आहे. स्वातंत्र्यानंतर भावाच्या सत्तेशी त्यांचे नाते कसे राहिले?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

ताई, प्रेम शेवटपर्यंत टिकले, पण त्या घराला स्वतःचे मत होते. राजाभाऊ पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला चीनचा दौरा करून आले आणि तिथल्या राजवटीवर त्यांनी टीकात्मक पुस्तक लिहिले. चीनशी मैत्री हे नेहरूंचे धोरण असतानाच्या काळात. कृष्णाबाई स्वतः 1958 मध्ये इस्रायलला जाऊन आल्या, आणि त्या देशाशी भारताचे तेव्हा पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते. त्या कोणत्याही सरकारी पदावर नव्हत्या, म्हणूनच त्यांना हे मोकळेपण लाभले असावे. भावाने लिहिलेली पत्रे त्यांनी वर्षानुवर्षे जपली आणि 1963 मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी नेहरू गेले. 9 नोव्हेंबर 1967 रोजी लंडनमध्ये कृष्णाबाईंचेही निधन झाले. आपण वाचायला सुरुवात करणार असाल, तर आधी ती पत्रे वाचावीत आणि मग आत्मकथन.