हिपॅटिक आर्टरी ॲन्युरिझम: सरसकट कॉइल?

कॅथलॅब: लिव्हरच्या धमनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, २ सेंमीच्या वर गेला की कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरून धमनी बंद करा आणि मोकळे व्हा. लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून येतं, आर्टरी बंद झाली तरी भागतं. पोट उघडायचे दिवस गेले.

टाका: हे वाचून गप्प बसवेना. रक्त तीन चतुर्थांश, पण ऑक्सिजन? जवळपास निम्मा आर्टरीचाच. पित्तनलिका तर आर्टरीवरच जगतात. ॲन्युरिझम कॉमन हिपॅटिकमध्ये, जीडीए (जठर-आद्यांत्राकडे जाणारी फांदी) निघते तिच्या अलीकडे असेल तर बंद करा. एसएमएकडून (आतड्याची मोठी धमनी) स्वादुपिंडाभोवतीच्या जोडवाहिन्यांच्या आर्केडमधून जीडीएत उलटं रक्त येतं. तेही एसएमएत डाय सोडून बघितल्यावरच. जीडीएच्या पलीकडची प्रॉपर हिपॅटिक बंद केलीत तर ती वाटच तुटते. तिथे कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेली जाळीची नळी, रक्त आतून चालू राहतं), नाहीतर पायातल्या सॅफेनस व्हेनचा ग्राफ्ट. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी असेल किंवा लिव्हर प्रत्यारोपित असेल, तर कॉइलने लिव्हरच जाऊ शकतं.

कॅथलॅब: स्टेंट म्हणणं सोपं आहे हो. दोन्हीकडे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर निरोगी आर्टरी हवी. हिपॅटिक जिच्यातून निघते ती सिलियाक धमनी खाली वळलेली असली की स्टेंट पुढे ढकलताना शीथची नळी, वायर सगळं एओर्टात (महाधमनीत) परत येतं.

पित्तप्रकृती: तुम्ही २ सेंमीवरच अडलात. स्युडोॲन्युरिझमला (भिंत फाटून झालेला खोटा फुगा) आकार बघायचा नसतो, दिसला की उपचार. पोटदुखी, कावीळ आणि रक्तस्राव तिन्ही जमेपर्यंत थांबू नका. उलट खरा ॲन्युरिझम, त्रास नाही, पण इतर आजार गंभीर, तर ५ सेंमीपर्यंत थांबता येतं. माझा राग सीटीच्या रिपोर्टवर आहे. 'हिपॅटिक आर्टरी ॲन्युरिझम, २.४ सेंमी', संपलं! जीडीएच्या अलीकडे की पलीकडे? राइट हिपॅटिक एसएमएमधून निघते का? सिलियाक अरुंद आहे का? पोर्टल व्हेन उघडी आहे का?

कॅथलॅब: मागणीपत्रावर नुसतं 'पोटदुखी' लिहिता, आर्टेरियल फेज (डाय धमन्यांत असतानाचा सीटी) मागत नाही, मग फांद्या दिसणार कशा?

पित्तप्रकृती: पोर्टल फेजमध्ये (डाय पोर्टल व्हेनमध्ये पोचल्यावरच्या सीटीत) ॲन्युरिझम दिसल्यावर तरी 'सीटी अँजिओ करा', म्हणजे धमन्यांचा सीटी करा, असं लिहाल की नाही? ती एक ओळ लिहिणं तुमचंच काम आहे.

टाका: रिपोर्टचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. कॉइल टाकायचीच तर आधी पलीकडे, मग अलीकडे. नुसतं अलीकडचं तोंड बुजवलंत की मागून रक्त येऊन फुगा भरत राहतो आणि पुन्हा आत शिरायला वाट उरत नाही. स्युडोॲन्युरिझमची पोकळी कॉइलने ठासू नका. त्याला धड भिंतच नसते, फुटतो.

कॅथलॅब: ते मान्य. प्रॉपर हिपॅटिकला आधी स्टेंटचा विचार, तेही मान्य. लिव्हरच्या आतल्या फांदीला मात्र कॉइलच. आणि प्रॉपर हिपॅटिक फुटलीय, बीपी पडतंय, स्टेंट जात नाही, तर मी कॉइलच टाकणार. लिव्हरमध्ये गळू झालं तर नंतर निचरा करता येतो.

पित्तप्रकृती: गळूचा निचरा होईल. पित्तनलिका सुकून आकसल्या तर काय करणार, तेही लिहा.